नोटीस न देता निघण्याआधी

‘नोटीस पिरियड पूर्ण न करता निघालो तर काय होईल?’ आखातात काम करणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न आमच्याकडे वर्षभर येत असतो. ईद जवळ आली की जरा जास्तच. विचारणारा मंडणगडचा असो, म्हसळ्याचा असो की मुंब्र्याचा, त्याच्या पोटात खरं तर दोन वेगळे प्रश्न असतात. मला तिथे अडकवतील का? आणि घरी काय सांगू? पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्याचं आपल्या मोहल्ल्यात आहे आणि माझ्या मते तेच जास्त अवघड आहे. दोन्हींवर आज थोडं लांबून लिहितो.

मोहल्ल्यात या बाबतीत दोन सल्ले तयार असतात. एक, ‘गप्प बस, कफील म्हणेल तसं कर, दोन वर्षं काढ.’ दुसरा, ‘काही बोलू नकोस. सुट्टीवर ये आणि परत जाऊच नकोस.’ हे सल्ले देणाऱ्या मामा-चाचांची मी थट्टा करणार नाही. ते त्यांनी अंगावर काढलेल्या अनुभवातून आलेत. ज्या काळात पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत असायचा, एनओसी मिळाल्याशिवाय दुसरीकडे काम धरता यायचं नाही, त्या काळात गप्प बसणं किंवा गुपचूप निघून येणं, एवढेच दोन रस्ते माणसापुढे होते. अमिरातीचा १९८० चा कामगार कायदा तर असा होता की, मुदतीच्या करारावरच्या माणसाने मुदत संपायच्या आत राजीनामा दिला आणि त्याची पाच वर्षं भरलेली नसली, तर त्याची ग्रॅच्युइटी बुडायची. म्हणजे रीतसर राजीनामा देऊनही हातात फारसं काही पडणार नव्हतं. मग पळून आलं काय नि सांगून आलं काय, हा हिशेब त्या वेळी चुकीचा नव्हता.

आता तो चुकीचा आहे. कायदा बदलला, सल्ला मात्र तोच राहिला. आपलं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतंय.

अमिरातीत २०२१ चा ३३ क्रमांकाचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात नोटीस पिरियड कमीत कमी ३० दिवसांचा आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा. तुमचा नेमका किती, ते तुमच्या करारात लिहिलेलं असतं. तो न पाळता निघालात, तर जेवढे दिवस पाळले नाहीत तेवढ्या दिवसांच्या पगाराइतकी भरपाई समोरच्याला द्यायची. हाच नियम मालकालाही लागू आहे. त्याने तुम्हाला उद्यापासून येऊ नको म्हटलं, तर तेवढा पगार त्याने द्यायचा. नुसती नोटीस न दिल्याबद्दल या कायद्यात तुरुंग नाही. निघण्याची एक किंमत ठरलेली आहे आणि ती आकड्यात सांगता येते.

आकड्यातच सांगतो. समजा एखाद्याचा मूळ पगार १,५०० दिरहॅम आहे, भत्ते धरून २,२०० होतात, आणि त्याने शारजात चार वर्षं पूर्ण काढलीत. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. चार वर्षांचे ८४ दिवस. दिवसाला ५० दिरहॅम धरले तर ४,२०० दिरहॅम झाले. नव्या कायद्यात राजीनामा दिला म्हणून यातला एक पैसा कापला जात नाही. आता तो ३० दिवसांची नोटीस अजिबात न देता, पण लेखी राजीनामा देऊन, आजच निघाला. भरपाई एका महिन्याच्या पूर्ण पगाराची, म्हणजे २,२००. वजा जाता २,००० दिरहॅम त्याचेच उरतात. न घेतलेल्या रजेचे पैसे वेगळे. तोच मुलगा महिनाभर थांबला तर पूर्ण ४,२०० घेऊन येतो, शिवाय त्या महिन्याचा पगार. आणि तोच मुलगा सुट्टीच्या तिकिटावर येऊन परत गेला नाही, तर हातात काय? कायद्याने पैसे त्याच्या हक्काचे राहतीलही. पण घरी बसून ते मागणार कसे, आणि तिकडे त्याच्या वतीने उभं कोण राहणार?

सुट्टीवर येऊन न परतणं ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी पद्धत आहे. कुणाला तोंड द्यावं लागत नाही, मॅनेजरसमोर ‘नाही’ म्हणावं लागत नाही. बॅग भरताना सोबत्यांनाही कळू द्यायचं नाही, चॉकलेटं आणि ब्लँकेट घेऊन नेहमीसारखं विमानात बसायचं. इथे आल्यावर फोन बंद. मागे काय होतं ते मात्र आपण बघत नाही. सलग सात दिवसांहून जास्त विनाकारण गैरहजर राहिलं की मालकाला तुम्हाला नोटीस न देता काढता येतं. तो गैरहजेरीची तक्रार करतो आणि ती ग्राह्य धरली गेली की वर्षभर तुम्हाला अमिरातीत दुसरं वर्क परमिट मिळत नाही. वर्षाने परत अर्ज करताना पहिला प्रश्न त्याच नोंदीबद्दल येतो. दुबईत नकोसं झालं म्हणून घरी आलेला मुलगा सहा महिन्यांनी शेजारच्या कंपनीत जायला निघतो, तेव्हा त्याला हे कळतं.

प्रोबेशनमध्ये असाल तर नियम वेगळे आहेत, आणि नवखे बहुतेक तिथेच फसतात. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्या काळात देश सोडून जायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस. अमिरातीतच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची, आणि पहिल्या मालकाचा भरतीचा खर्च नव्या मालकाने भरायचा. या दोन्हींपैकी काहीच न करता देश सोडला तर पुन्हा तीच एक वर्षाची बंदी. १४ दिवस म्हणजे दोन जुम्मे. तेवढं काढवत नाही असं वाटणाऱ्या मुलाला मी विचारतो, बाबा, का काढवत नाही? कधी उत्तर येतं की घरची आठवण येते. कधी वेगळंच येतं.

ते वेगळं उत्तर ऐकायला हवं, कारण काही कारणं अशी आहेत जिथे कायदाच नोटीसशिवाय निघायला परवानगी देतो. पगार देत नाही किंवा करारातल्या गोष्टी पाळत नाही, तर निघण्याच्या १४ कामाच्या दिवसांआधी मंत्रालयाला कळवायचं. मंत्रालयाने सांगूनही मालकाने सुधारणा केली नाही, तर नोटीस न देता, हक्काचे सगळे पैसे राखून निघता येतं. मारहाण किंवा छळ झाला असेल तर तक्रार करणं शक्य होईल त्या दिवसापासून पाच कामाच्या दिवसांत ती नोंदवायची. कामाची जागा जिवावर उठणारी असेल आणि माहीत असूनही मालक हलत नसेल, किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून नेलं आणि लेखी संमती न घेता सिमेंटच्या गोण्या उचलायला लावल्या, तरीही. बघा, प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी कुठेतरी लेखी नोंद हवी. आपली मुलं सहन करतात महिनोन्‌महिने आणि निघतात एका रात्रीत. मधली नोंद राहूनच जाते, आणि मग ज्याच्यावर अन्याय झाला तोच कागदावर गुन्हेगार दिसतो.

तक्रार केली तर आयुष्यभर कोर्टात फिरावं लागेल, ही भीतीही जुनीच. ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या दाव्यांवर २०२४ पासून मंत्रालयच निर्णय देऊ शकतं. एक लाखापर्यंतच्या दाव्याला कोर्ट फी नाही. पगार बँकेतून देण्याची पद्धत २००९ पासून आहे, त्यामुळे तो मिळाला नाही हे सिद्ध करायला साक्षीदार लागत नाहीत.

हे सगळं अमिरातीचं. तेच गणित जसंच्या तसं सौदीला लावलंत तर गोत्यात याल. तिथे परदेशी माणसाचा करार मुदतीचाच असतो. करारात भरपाईची रक्कम लिहिलेली नसेल आणि तुम्ही योग्य कारणाशिवाय मध्येच तोडलात, तर मुदतीतल्या उरलेल्या सगळ्या काळाचा पगार, आणि काही झालं तरी दोन महिन्यांपेक्षा कमी नाही, एवढी भरपाई मागता येते. म्हणजे दोन वर्षांच्या करारातून आठव्या महिन्यात उठून आलेल्याचा हिशेब एका महिन्यावर मिटत नाही. पण फेब्रुवारी २०२५ पासून तिथे राजीनाम्याचा रीतसर रस्ता झालाय. राजीनामा दिल्यावर मालकाने ३० दिवस उत्तरच दिलं नाही तर तो मंजूर धरला जातो. लेखी कारण देऊन त्याला तो लांबवता येतो, तेही ६० दिवसांपर्यंतच. हुरूब लागायची वाट बघण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा. ग्रॅच्युइटी मात्र सौदीत अजून राजीनाम्यावर घटते. दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाचपर्यंत एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश, दहा वर्षं भरली की पूर्ण. म्हणून पाचवं वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने बाकी असताना राग आला, तर तो दोन महिने गिळण्यासारखा आहे.

कतारमध्ये पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची नोटीस, त्यानंतर दोन महिन्यांची, आणि २०२० पासून एनओसी लागत नाही. बहरीनमध्ये ३० दिवस. कुवेतमध्ये बेमुदत करारावर महिन्याच्या पगारी माणसाला तब्बल तीन महिने, हे तिकडे जाणाऱ्या बहुतेकांना पोहोचल्यावरच कळतं.

दोन प्रकारच्या मुलांना वरचं जवळपास काहीच लागू होत नाही आणि आपल्याकडे तीच जास्त असतात. एक, घरचा ड्रायव्हर. सौदीत घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ हे सर्वसाधारण कामगार कायद्याच्या बाहेर आहेत. २०२१ मध्ये नोकरी बदलण्याची आणि मालकाच्या संमतीशिवाय देशाबाहेर जाण्याची जी मोकळीक मिळाली, त्यातून ते वगळले गेले. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे, ती वाचूनच पाऊल टाकावं. दुसरा, आझाद व्हिसावाला. कागदावर एकाचा, काम दुसऱ्याकडे. त्याने नोटीस द्यायची कुणाला? ज्याच्याकडे काम करतो त्याच्याशी करार नाही, ज्याच्याशी करार आहे त्याला फक्त वर्षाचे पैसे पोचवायचे. ‘आझाद’ हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, त्या व्हिसावरचा माणूस सगळ्यात जास्त बांधलेला असतो.

आता जबानीबद्दल. काही मुलं कळकळीने विचारतात, सही केलीय, मध्येच सोडलं तर गुनाह होईल का? वायद्याला जागणं आपल्या तालमीत लहानपणापासून आहे, आणि प्रश्न पडतो याचा मला आनंदच आहे. पण करार एकतर्फी नसतो. वेळेवर पगार, ठरलेलं काम, माणसासारखी राहायची जागा, हाही त्याच कागदावरचा वायदा आहे. तो पाळला जात नसताना फक्त कामगाराला अमानत आठवून देणारे लोक मला पटत नाहीत. आणि करारातच लिहिलेलं आहे की इतक्या दिवसांची नोटीस देऊन किंवा इतकी भरपाई देऊन बाहेर पडता येईल. ते कलम वापरणं म्हणजे करार मोडणं नव्हे, करार पाळणंच आहे.

याची दुसरी बाजूही आहे. मालक बरा, पगार वेळेवर, पण शेजारच्या दुकानात २०० दिरहॅम जास्त मिळतात म्हणून कुणी शुक्रवारी गायब होतो. त्या दिवशी त्याची शिफ्ट कोण करतं? त्याच खोलीतला, वरच्या बंकवर झोपणारा दुसरा मुलगा, बऱ्याचदा आपल्याच तालुक्यातला. एक पळाला की मालक बाकीच्यांची सुट्टी लांबवतो, पासपोर्ट मागून घेतो. पासपोर्ट असा ठेवून घेणं बेकायदेशीर आहे आणि भारतीय पासपोर्ट तर आपल्या कायद्याप्रमाणे भारत सरकारच्या मालकीचा असतो, पण खोलीतल्या पाच जणांपैकी हे सांगायची हिंमत कुणाची होणार?

मी सुरुवातीला म्हटलं की घरी काय सांगू, हा प्रश्न जास्त अवघड आहे. मुलं नोटीसला घाबरत नाहीत. ती घाबरतात कर्जाला. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाच मनाई आहे. आपल्या गावांत मात्र व्हिसा ‘विकत’ घेतला जातो, लाखात, आणि त्यासाठी अम्मीचे दागिने किंवा बहिणीच्या लग्नाचे पैसे जातात. अशा मुलाला तिथलं कोणतंही कलम सांगा, तो म्हणणार, साहेब, दीड लाख फिटायचेत. मालकाच्या आधी त्याला आपणच बांधून ठेवलेलं असतं.

आणि परत आलाच, तर? एअरपोर्टवर घ्यायला जाणाऱ्या गाड्यांची संख्या बघून गावात यश मोजलं जातं. मुदतीआधी आलेल्याला पहिल्याच दिवशी विचारतात, ‘कशाला आलास?’ मशिदीबाहेर विचारतात, ‘परत कधी?’ मग तो खोटं सांगतो की सुट्टीवर आलोय. ते खोटं टिकवायला तो राजीनामा देत नाही. राजीनामा दिला नाही म्हणून हिशेब बुडतो, नोंद लागते, पुढचा व्हिसा अडतो. कायद्याने जे एका महिन्याच्या पगारात मिटलं असतं, ते आपल्या चौकशांमुळे पुढच्या दोन-तीन वर्षांवर जातं. जमातीच्या बैठकीत कब्रस्तानच्या कुंपणावर तासभर चर्चा होते, आणि व्हायलाही हवी. त्याच बैठकीत आखातात निघालेल्या मुलाचा करार वाचून दाखवायला दहा मिनिटं का मिळू नयेत? अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव अरबी-इंग्रजीबरोबर कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेतही द्यायची सोय आहे, त्यात हिंदी आणि उर्दू आहेत. उर्दू शाळेत शिकलेली पोरं प्रत्येक घरात आहेत. वाचणारे आहेत, वाचायला बसवणारं कुणी नाही.

बँकेचं कर्ज हा स्वतंत्र विषय आहे, पण एवढं सांगतो. तिकडचं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड थकवून इकडे आलात की सुटलात, ही समजूत जुनी झाली. १७ जानेवारी २०२० च्या भारत सरकारच्या अधिसूचनेनंतर अमिरातीतल्या ठरावीक न्यायालयांचे दिवाणी निकाल इथल्या जिल्हा न्यायालयातून अंमलात आणता येतात. नोटीस रत्नागिरीच्या पत्त्यावर येऊ शकते. तेव्हा निघण्याचा विचार करताना आधी बँकेशी बोला, हप्ते लावून घ्या, ते लेखी घ्या.

ज्याला खरंच निघायचंय त्याने या क्रमाने जावं. कराराची प्रत, पगाराच्या नोंदी, ओव्हरटाइमचे तक्ते यांचे फोटो आजच काढून घरच्या कुणाला तरी पाठवा. कंपनीचा फोन कधीही परत घेतील. राजीनामा लेखी द्या, ईमेल किंवा मेसेज असला तरी तारीख दिसू द्या, आणि शेवटचा कामाचा दिवस त्यात लिहा. नोटीसचे सगळे दिवस भरणं जमत नसेल तर तसंच लिहा की, उरलेल्या दिवसांची कायदेशीर भरपाई हिशेबातून वळती करावी. बरेच मालक दोन आठवड्यांवर तडजोड करतात, विचारलं तर. अडलंच तर मदद पोर्टल आहे, दुबई, रियाध आणि जेद्दामध्ये प्रवासी भारतीय सहायता केंद्रं आहेत, आणि दूतावासाकडे अडचणीतल्यांसाठी कल्याण निधी असतो. आणि तिकीट काढायची घाई नको. अमिरातीत करार संपल्यावर १४ दिवसांच्या आत सगळे पैसे द्यायचं बंधन मालकावर आहे. त्या दिवसांत तुमच्यापुढे एक अरबी-इंग्रजी कागद येईल, ‘सर्व येणे मिळाले’ असं म्हणणारा. खात्यात रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत त्यावर सही करू नका. मॅनेजर म्हणेल, फॉर्मॅलिटी आहे, पैसे उद्या टाकतो. त्याला सांगा, सहीही उद्या करतो.